हाताच्या आज्ञेतील तेल

मोटारीच्या इतिहासात इंजिनाचे आणि वेगाचे गुणगान पुष्कळ झाले. सुकाणूचक्र फिरविणाऱ्या हातांच्या श्रमांची नोंद मात्र क्वचितच आढळते. 1920 नंतर अमेरिकेत मोटारी वजनदार झाल्या, रुंद व कमी हवेचे टायर आले आणि उभी गाडी वळविणे ही अंगमेहनत होऊन बसली. मालमोटार चालविणाऱ्यांची स्थिती तर याहून बिकट होती. पिअर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटार विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने हे जवळून पाहिले. नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्थम येथे स्वतःची कार्यशाळा थाटली.

त्याने आधारास घेतलेले तत्त्व नवे नव्हते. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगितले होते. ब्रामाने 1795 साली त्यावरून दाबयंत्राचे पेटंटही घेतले होते. प्रश्न शक्ती निर्माण करण्याचा नव्हता, ती चालकाच्या आज्ञेत ठेवण्याचा होता. डेव्हिसने दाब सदैव कोंडून ठेवण्याऐवजी तेलाला वाहते ठेवले.

इंजिनाच्या बळावर फिरणारा पंप तेल खेळवीत राहतो. गाडी सरळ जात असता झडप दोन्ही बाजूंना मोकळी असते आणि तेल टाकीत परतते. चालकाने चक्र वळविले, की हाताचा जोर व रस्त्याचा विरोध यांच्या ओढाताणीत झडप किंचित सरकते. मग परतीची वाट आवळली जाऊन सिलिंडरातील दट्ट्याच्या एका अंगास दाब चढतो आणि दट्ट्या चाकांना हाताच्याच दिशेने रेटतो. हात थांबला, की झडप मध्यावर येते व साहाय्यही थांबते. पंप बंद पडला तरी चक्र व चाके यांमधील पोलादी जोडणी कायम राहते. गाडी जड होते, पण वळते.

1926 साली ही योजना प्रत्यक्ष मोटारीवर सिद्ध झाली. जनरल मोटर्सने डेव्हिसशी करारही केला. परंतु जागतिक मंदीत उत्पादनाचा खर्च परवडणारा नाही असे ठरून 1934 साली ते काम सोडून देण्यात आले. पुढे महायुद्धातील अवजड लष्करी वाहनांना ही रचना उपयोगी पडली. सामान्य ग्राहकाच्या मोटारीत ती आली 1951 साली, क्रायस्लरच्या इंपीरिअलमध्ये. आणि तीही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे! पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सनेही कॅडिलॅकसाठी तिचा स्वीकार केला.

शोध पूर्ण होणे आणि तो लोकांच्या हाती पडणे यांत येथे पंचवीस वर्षे गेली. हा विलंब बुद्धीचा नव्हे, हिशेबाचा होता. तेवढी वर्षे चालकांचे खांदे ते ओझे वाहत राहिले, पण त्या श्रमांचा आकडा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. आज बहुतेक नव्या मोटारींत तेलाची जागा विजेच्या मोटरने घेतली आहे. तरीही डेव्हिसने घालून दिलेला दंडक टिकून आहे: साहाय्य यंत्राचे असावे, दिशा मात्र माणसाच्या हाताने ठरवावी.