धुळीचं गणित

सिमेंटची बारीक पूड सपाट पसरली आणि तिच्यावर जोराचा वारा सोडला, तर काय होईल? राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश फौजी इंजिनिअरने हे करून पाहिलं. छोटे खडे हलवणाऱ्या वाऱ्यालाही ती पूड दाद देईना.

इजिप्तमधल्या नेमणुकीत फोर्ड गाड्या घेऊन लिबियाचं वाळवंट पालथं घातलेला हा माणूस. लष्कर सोडल्यावर त्याने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात विंड टनेल उभारला. त्यात दिसलं ते असं: वाळूचे कण टणाटण उड्या मारत जातात आणि आदळताना पुढच्या कणांना उडवतात. धुळीचे कण इतके बारीक की ते एकमेकांना चिकटून बसतात. वाळूचा मारा बसला की मगच ते सुटतात. १९४१च्या त्याच्या पुस्तकात सूत्रही होतं: वाहून जाणारी वाळू वाऱ्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते.

पुढे धुळीचा अंदाज बांधणारी संगणकी मॉडेल आली तेव्हा हाच घन छळू लागला. वाऱ्याचा अंदाज दहा टक्के जास्त निघाला, तर वाळूचा हिशेब तेहतीस टक्के जास्त येतो! १९९५ मध्ये बेआत्रिस मार्तिकोरेना आणि जिल बेरगामेती या फ्रेंच संशोधकांनी जमिनीचा खडबडीतपणा आणि कणांचा आकार गणितात नीट बसवला. तरी धूळ येते कुठून, हा प्रश्न उरलाच. उघडी कोरडी जमीन सगळी सारखीच, असं धरून चालत नव्हतं. उपग्रहांनी बोट दाखवलं ते खोलगट भागांकडे, आटलेल्या तळ्यांच्या तळांकडे.

त्यातलं सर्वांत दांडगं ठिकाण म्हणजे चाड देशातलं बोदेले. हजारो वर्षांपूर्वीच्या विशाल सरोवराचा हा तळ, सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांनी पांढरा पडलेला. तिबेस्ती आणि एनेदी या डोंगरांमधल्या खिंडारातून वारा त्यावर घुसतो. जागतिक मॉडेलांना हा वारा खरा होता त्याहून मवाळ दिसत होता. २००५ मध्ये संशोधकांनी तिथे जाऊन तो मोजला.

भारतातली अडचण वेगळी. इथली 'आंधी', म्हणजे धुळीचं वादळ, बऱ्याचदा गडगडाटी ढगाखालून कोसळणाऱ्या थंड हवेने उठते आणि मॉडेलने हिशेबासाठी नकाशावर आखलेल्या जाळीची घरं मोठी असतील तर त्यांच्यातून निसटते. २ मे २०१८च्या रात्री उत्तर भारतात अशाच वादळांनी शंभरहून अधिक बळी घेतले. त्याच वर्षी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने दिल्लीच्या हवेसाठी पूर्वसूचना यंत्रणा सुरू केली. तिच्या अंदाजात धुळीलाही जागा आहे.