उसाचे राखणदार मित्रकीटक

पिकांची हानी करणाऱ्या किडींचा त्यांच्याच नैसर्गिक शत्रूंकरवी बंदोबस्त करणे, याला जैविक कीडनियंत्रण म्हणतात. हे शत्रू तीन प्रकारचे असतात : किडीला खाणारे परभक्षी, तिच्या शरीरात किंवा अंड्यात वाढून तिला मारणारे परोपजीवी आणि तिला रोग जडवणारे सूक्ष्मजीव. यांतील पहिल्या दोन गटांतले कीटक म्हणजेच शेतकऱ्यांचे 'मित्रकीटक'.

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील शिक्रापूरसह शिरूर व दौंड तालुक्यांत नदी-कालव्यांच्या पाण्यावर मोठ्या प्रमाणात ऊस घेतला जातो. हे पीक वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ रानात उभे असते. त्यामुळे मित्रकीटकांना दीर्घकाळ आसरा मिळतो. मात्र ऊस उंच वाढला की दाट फडात शिरून फवारणी करणे जिकिरीचे होते.

लोकरी माव्याचा धडा

या अडचणीची खरी तीव्रता २००२ मध्ये जाणवली. ईशान्य भारतात पूर्वीपासून आढळणारा लोकरी मावा त्या वर्षी सांगली जिल्ह्यात दिसला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील ऊसपट्ट्यात पसरला. पांढऱ्या मेणकट तंतूंनी झाकलेली ही कीड पानांच्या खालच्या बाजूने रस शोषते. तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते, पाने काळवंडतात आणि उत्पादन व साखरेचा उतारा घटतो. नराशी संयोग न होताही मादी पिले देत असल्याने प्रादुर्भाव झपाट्याने वाढतो.

या माव्यावर डिफा आणि मायक्रोमस हे दोन परभक्षी प्रभावी ठरले. डिफा ही एका पतंगाची अळी असून ती माव्याच्या वसाहतीत जाळी विणून राहते आणि मावा फस्त करते. हेक्टरी डिफाच्या सुमारे १,००० किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडण्याची शिफारस करण्यात आली. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने या कीटकांच्या संवर्धनाचे काम केले. बंगळूरच्या जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालयाने आसाममधून आणलेली एन्कार्सिया ही सूक्ष्म गांधीलमाशीही उपयुक्त ठरली. ती माव्याच्या शरीरात अंडी घालते.

खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड

खोडकिडीची अळी एकदा खोडात शिरली की औषध तिच्यापर्यंत सहजी पोहोचत नाही. ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी तिची अंडीच निकामी करते. प्रयोगशाळेत धान्यातील पतंगाच्या अंड्यांवर तिची पैदास करून ती अंडी कागदावर चिकटवतात. अशा एका कार्डावर साधारण २० हजार अंडी असतात. कार्डाच्या पट्ट्या पानांच्या खालच्या बाजूस टाचतात.

मर्यादा आणि पथ्ये

मित्रकीटक रासायनिक औषधाप्रमाणे तत्काळ परिणाम दाखवत नाहीत. त्यांना योग्य वेळी सोडावे लागते आणि खाद्य म्हणून थोडी कीड शेतात असावीच लागते. सरसकट फवारणीत तेही मरतात. मग वाचलेली कीड वेगाने वाढते, तर तिचे शत्रू परतायला वेळ लागतो. म्हणून डिफाची अळी दिसताच तिला कीड समजून औषध मारणे म्हणजे आपल्याच राखणदाराला हाकलून देणे होय. फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वी पाने उलटून शत्रू किती आणि मित्र किती, हे पाहणे हीच या पद्धतीची पहिली पायरी आहे.