इरसाल

'इरसाल' हा शब्द पुण्यात कौतुकाने माणसाला लावतात, आमच्या कोल्हापुरात शिवीला. पण परवा भाचा दुबईहून आला. त्याच्या मोबाईलवर निरोप धाडायच्या बटणावर अरबीत काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "इरसाल! म्हणजे पाठवणे."

मी चाटच पडलो. जुन्या दप्तरांत सरकारी खजिन्यात पाठवलेला भरणा, तो इरसाल. म्हणजे शब्द मूळचा आमच्याच धंद्यातला. बिघडला तो बाहेर पडल्यावर! 'गरीब'ची तीच गत. अरबीत त्याचा अर्थ परका. आपल्याकडे येऊन बिचारा कंगाल झाला.

१६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी माझ्या काउंटरवर बघा : रक्कम, जमा, बाकी, कर्ज, वसूल. सगळी अरबी मंडळी! यांना घरी धाडलं, तर बँकेला कुलूपच लावावं लागेल. साडेतीनशे वर्षं राहिल्यावर परकं तरी कुणाला म्हणायचं?

आणि पैसे वेळेवर आले नाहीत, की गिऱ्हाईक मला जे ऐकवतं, तेही शुद्ध मराठीच. एक इरसाल चुकली, की दुसरी रोख मिळते!