ग्रीनलंडचा हिवाळा आणि डेन्मार्कची थंडी

1816 साली डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात एक छोटे पुस्तक छापले गेले. लेखक हान्स एगेडे सोब्यू हा पाद्री. 1770 ते 1778 या काळात तो ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, डिस्को उपसागराकाठच्या वसाहतींत धर्मप्रसाराचे काम करत होता. तिथल्या रोजनिशीतले निवडक भाग या पुस्तकात आहेत. त्यात जाता जाता केलेली एक नोंद आढळते. तिचा आशय असा : ग्रीनलंडचे सगळेच हिवाळे कडक, पण सारखे नसतात, डेन्मार्कात थंडीचा कडाका असेल त्या वर्षी ग्रीनलंडला हिवाळा त्या मानाने सौम्य जातो, आणि याच्या उलटही घडते.

रोजनिशी आणि छपाई यांत जवळजवळ चार दशके गेली आहेत, म्हणून एकेका तारखेसाठी या पुस्तकावर भार टाकता येणार नाही. पण ही नोंद एका दिवसाची नाहीच. शिवाय सोब्यू हा शोध स्वतःच्या नावावर घेत नाही. हे डॅनिश लोकांच्या लक्षात आले आहे, असे तो सांगतो. मला हे सर्वांत मोलाचे वाटते. म्हणजे ते वसाहतीतले सामाईक ज्ञान होते. ते कसे जमले असेल याचा तर्क करता येतो. हिवाळ्यात समुद्र गोठला की मायदेशाशी संपर्क तुटायचा. उन्हाळ्यात जहाज आले की पत्रांतून आणि खलाशांच्या तोंडून तिकडच्या गेल्या हिवाळ्याची हकीकत कळायची. हजारो किलोमीटर दूरचे दोन हिवाळे ताडून पाहण्याची संधी अशाच माणसांना होती, आणि एकदोन वर्षांवरून असा नियम कुणी बांधला नसता.

पुढच्या शतकात तापमापकाच्या नोंदी साचल्या. 1890 मध्ये ऑस्ट्रियाच्या यूलियुस हान याने सोब्यूच्या त्याच भागातल्या याकोब्सहाउनची तापमाने व्हिएन्नाशी ताडून पाहिली. 1897 मध्ये स्वीडनच्या हिल्डेब्रांडसनने हवेच्या दाबाचे आकडे मांडले : आइसलँडवर दाब घटला की अझोर्स बेटांवर तो वाढलेला असतो. खरी किल्ली इथे होती.

आइसलँडजवळच्या कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. हा दाब फार खोल गेला आणि अझोर्सवरचा जास्त दाब बळावला, की दोहोंच्या मधून पश्चिमी वारे जोराने वाहतात आणि अटलांटिकवरची ऊबदार, दमट हवा थेट उत्तर युरोपात शिरते. त्याच चक्राच्या पश्चिम अंगाला मात्र वारा उत्तरेकडून येतो. डेव्हिस सामुद्रधुनीवरून ध्रुवाकडची गोठलेली हवा पश्चिम ग्रीनलंडवर उतरते. दाबांमधला फरक मंदावला की पश्चिमी वारे ढिले पडतात, युरोपात पूर्वेकडून रशिया-सायबेरियाची थंडी घुसते आणि ग्रीनलंडला दक्षिणेची हवा मिळते. एकच चक्र, पण त्याच्या दोन बाजूंना दोन उलटे हिवाळे.

या हेलकाव्याला नाव मिळाले ते भारतीय हवामान खात्याच्या प्रकाशनात. केंब्रिजचा गणिती गिल्बर्ट वॉकर 1904 पासून खात्याचा प्रमुख होता. पावसाळ्याचा आगाऊ अंदाज बांधता यावा म्हणून तो जगभरच्या दाब, तापमान आणि पावसाच्या आकड्यांचे परस्परसंबंध काढत होता. त्यामागची कष्टाची आकडेमोड कार्यालयातल्या भारतीय कारकुनांनी हाताने केली. त्यांची नावेही या इतिहासात यायला हवीत. 1924 मध्ये खात्याच्या ‘मेमॉयर्स’मध्ये वॉकरने उत्तर अटलांटिक दोलन आणि दक्षिणी दोलन ही नावे वापरली. चार वर्षांनी खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात.

1978 मध्ये हॅरी व्हॅन लून आणि जेफ्री रॉजर्स यांनी सोब्यूचा नियम 1840 पासूनच्या आकड्यांवर तपासला. हिवाळी महिन्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक महिन्यांत तो स्पष्ट दिसला. बाकीच्या महिन्यांत दोन्हीकडची तापमाने अशी ठळकपणे परस्परविरुद्ध नव्हती, त्यामुळे या नियमावर दरवर्षीचे भाकीत बेतणे धोक्याचेच. पण दोलन टोकाला गेले की नियम ठळकपणे लागू पडतो. 2009-10 च्या हिवाळ्यात दोलनाचा निर्देशांक कमालीचा उणे झाला, म्हणजे दोन दाबांमधला फरक फारच मंदावला. 7 जानेवारी 2010 च्या उपग्रहचित्रात जवळजवळ सारे ब्रिटन बर्फाने पांढरे दिसते. त्या हिवाळ्यात पश्चिम ग्रीनलंडचे तापमान मात्र सरासरीच्या बरेच वर राहिले.