अम्लता आणि हृदयबलवर्धक औषधे : एका प्रश्नाचा इतिहास

औषधाचे सामर्थ्य औषधातच वसते, ही समजूत सहजसुलभ असली तरी अपुरी आहे. १७८५ साली विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लव्ह, म्हणजे डिजिटॅलिस, या वनस्पतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मात्रेचा विचार काटेकोरपणे केलेला आहे. परंतु ज्या स्नायूवर औषध चालावयाचे, त्याची रासायनिक अवस्था हा प्रश्न त्या काळी उपस्थितच होऊ शकत नव्हता.

तो प्रथम स्पष्टपणे पुढे आला १८८० साली. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर गॅस्केल यांनी बेडकाच्या हृदयातून लॅक्टिक आम्लाचा सौम्य द्राव वाहू दिला, तेव्हा स्नायू शिथिल होऊन आकुंचन क्षीण झाले. अल्कलीच्या द्रावाने याच्या उलट परिणाम घडला. तीन वर्षांनी, १८८३ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सिडनी रिंगर यांनी हृदयाच्या आकुंचनास कॅल्शियम अपरिहार्य असल्याचे दाखविले. आम्ल आणि कॅल्शियम ही या इतिहासातील दोन सूत्रे होत. ती एकत्र गुंफली जाण्यास मात्र सुमारे एक शतक लोटले.

दरम्यान औषधांच्या क्रियेचा उलगडा होत गेला. १९५३ मध्ये शाट्झमान यांनी डिजिटॅलिसवर्गीय द्रव्ये पेशीतील सोडियमचे उत्सर्जन रोखतात असे दाखविले, आणि १९५७ मध्ये येन्स स्कू यांनी त्या कार्यामागील विकराचा शोध लावला. सोडियम साचले की पेशीत कॅल्शियमही वाढते. अ‍ॅड्रेनॅलिनचा मार्ग निराळा, परंतु तेही अखेरीस आकुंचनास मिळणारे कॅल्शियम वाढविते. यावरून असे अनुमान निघते की, अम्लतेमुळे कॅल्शियमचा पुरवठा घटत असेल, तर तो वाढविणारी औषधे पुरेशी ठरावीत.

हे अनुमान टिकले नाही. १९७८ मध्ये फाबियातो दांपत्याने आवरण काढलेल्या हृदयपेशींवर प्रयोग केले. पीएच उतरविला असता कॅल्शियम तेवढेच असूनही तंतूंचे बल घटले. १९८३ मध्ये अ‍ॅलन आणि ऑर्चर्ड यांनी, कॅल्शियमच्या सान्निध्यात प्रकाशणाऱ्या इक्वोरिन या प्रथिनाच्या साहाय्याने, अखंड स्नायूतही हेच दाखविले : बल ढळले, पण कॅल्शियमचा चढउतार त्या प्रमाणात ढळला नाही. उणीव मुख्यतः पुरवठ्यात नसून ग्रहणात होती. १९६५ मध्ये एबाशी व कोडामा यांनी ट्रोपोनिन असे नाव दिलेले प्रथिन कॅल्शियमचा संकेत स्वीकारते. हायड्रोजन आयनांच्या आधिक्याने तो स्वीकार मंदावतो. शिवाय अ‍ॅड्रेनॅलिनच्या ग्राहींचा प्रतिसादही अम्लतेत क्षीण होतो. म्हणजे औषध दोन ठिकाणी अडते.

मग प्रथम आम्लच नाहीसे करावे, हा विचार ओघानेच आला आणि त्यासाठी सोडियम बायकार्बोनेट दिले जाऊ लागले. परंतु १९९० मध्ये कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तात लॅक्टेट वाढलेल्या १४ अत्यवस्थ रुग्णांवर नियंत्रित अभ्यास केला. बायकार्बोनेटने रक्ताचा पीएच वाढला. तथापि साध्या मीठद्रावाच्या तुलनेत रक्ताभिसरण सुधारले नाही, अ‍ॅड्रेनॅलिनवर्गीय औषधांचा प्रतिसादही वाढला नाही. बायकार्बोनेटपासून निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड पेशीत सहज शिरतो, आणि रक्ताचा आकडा सुधारला म्हणून पेशीचे आम्ल निवळतेच असे नाही.

गॅस्केल यांचे निरीक्षण अशा रीतीने आजच्या रुग्णशय्येपर्यंत येऊन पोहोचते. अम्लतेच्या मुळाशी असलेले कारण, मग ते प्राणवायूचा अभाव असो वा रक्ताभिसरणाचा ऱ्हास, दूर करणे हेच प्रधान कर्तव्य ठरते. औषधाची वाढीव मात्रा त्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही.