दोर सोडू नका

चपला काढल्यात? मग झपाझप चला, वाळू पाय भाजतेय. स्पेनमधल्या वालेन्सियाचा हा किनारा, साल 1903, उन्हाळ्यातली दुपार कलायला लागलेली. मागं कबान्याल ही कोळ्यांची वस्ती आहे. ओले दोर, डांबर आणि मासळी यांचा वास नाकात शिरलाय ना? तो आता रात्रीपर्यंत अंगावरून जायचा नाही.

बाजूला व्हा! बैल येताहेत!

तुमच्या कोपराला घासून गेली ती बैलजोडी थेट समुद्रात निघालीय. बघा, पाणी छातीला लागलं तरी थांबत नाहीत. किनारा उथळ आहे, होड्या बैलांनीच ओढून वर घ्यायच्या. दोन होड्या मिळून मध्ये एक जाळं ओढत आणतात, आणि परत आल्या की ही जनावरं त्यांना वाळूवर खेचतात. दोर ताणला गेला. बैलवाला जिवाच्या आकांतानं ओरडतोय. होडीचं तिरकं शीड अजून उतरवलेलं नाही, ते डोक्यावर असं फडाफडा वाजतंय की शेजारचा काय म्हणतोय ते ऐकू येत नाही. एवढ्यात बैलानं शेपटी झटकली आणि खारं पाणी तुमच्या तोंडावर!

तोंड पुसा आणि इकडं बघा. कडेवर पोर, हातात टोपली घेतलेल्या बायका होडीपाशी कधीच पोचल्यात. मासळी अजून तडफडतेय आणि भाव सुरू झालेत. उघडीवाघडी पोरं लाटांत पालथी पडलीत. कुणी बोलावलं तरी ती बाहेर येणार नाहीत.

चित्रकार कुठं बसलाय म्हणता? तो बसत नसतो. तो पाहा, दाढीवाला, डोक्यावर हॅट, चाळिशीचा. होआकिन सोरोया. याच शहरात जन्मला. दोन वर्षांचा असताना कॉलऱ्यानं आईवडील दोघंही गेले, मावशीनं आणि तिच्या नवऱ्यानं वाढवलं. त्याच्यासमोरचा कॅनव्हास चार मीटरहून रुंद आहे, आणि वारा सुटलाय. म्हणून तुम्हाला लगेच काम लागणार. धरा हा दोर! आवळून धरा. कॅनव्हासही कापडच, वारा त्याला शिडासारखंच फुगवतो.

हात भरून येताहेत, पण एवढ्या जवळून पाहायला पुन्हा मिळणार नाही. त्या शिडाकडं नीट बघा. तुम्ही त्याला पांढरं म्हणाला असतात. सोरोया तिथं पिवळा लावतोय, गुलाबी लावतोय, घडीच्या सावलीत चक्क जांभळा. आता खऱ्या शिडाकडं मान वळवा. आहे की नाही जांभळा? तो आधीपासून तिथंच होता. बैलाच्या पोटाखाली पाण्याचा निळा उजेड हलतोय, तोही त्यानं दोन फटकाऱ्यांत धरला. वाऱ्यानं उडालेली वाळू ओल्या रंगात चिकटतेय. त्याच्या कितीतरी चित्रांच्या रंगात ती आजही सापडते.

मला त्याची ही घाई फार आवडते. होडी वर आली की बैल फिरणार, ऊन सरकणार, बायका निघून जाणार. सावकाश रंगवायला इथं वेळच नाही. स्टुडिओत बसून हे साधलं असतं असं मला अजिबात वाटत नाही.

आणि हा माणूस नुसता उन्हाला भुललेला नाही. नऊ वर्षांपूर्वी त्यानं होडीच्या पोटातला अंधार रंगवला होता: जखमी होऊन आडवा पडलेला कोवळा कोळी, त्याला सावरणारे दोन वयस्क सोबती, बाजूला पडलेली मासळी. चित्राचं नाव ठेवलं, ‘आणि तरीही म्हणतात, मासळी महाग!’ मघाशी होडीपाशी भावावरून हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला ते एकदा दाखवायला हवं.

आज तुम्ही ज्याचा दोर धरलाय ते चित्र, ‘उतरतं ऊन’, पुढं न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीत जाऊन पोचेल. तिथल्या दालनात वारा नसेल, घामही नसेल. इथं मात्र तळहात सोलवटलेत, घसा कोरडा पडलाय, आणि चुफा नावाच्या बारक्या कंदापासून केलेली थंडगार ओर्चाता प्यायची तल्लफ आलीय. जरा दम धरा. दुसरी होडी येतेय, बैल पुन्हा पाण्यात उतरलेत, सोरोयानं नवा रंग घेतलाय.

दोर ढिला पडला! ओढा, ओढा!