२८ की ६५ व्होल्ट? अपोलो १३ आणि यंत्रसामग्रीच्या नोंदींचा इतिहास

१/ कार्यालयातील संगणकांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नवी वस्तू दाखल करताना काही रकाने भरावे लागतात: सिरियल नंबर, मॉडेल, ठिकाण, कोणाच्या ताब्यात, वॉरंटी केव्हा संपते. आणखी एक रकाना अनेकदा रिकामाच सोडला जातो: ही वस्तू कशाशी जोडलेली आहे? त्या रकान्याचे मोल उमगण्यासाठी १९७० सालच्या एका चांद्रमोहिमेकडे वळावे लागते. #थ्रेड

२/ १३ एप्रिल १९७०. अपोलो १३ ला उड्डाण करून सुमारे ५६ तास झाले होते आणि यान पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून अधिक दूर होते. अचानक प्राणवायूची टाकी क्रमांक २ फुटली. शेजारची टाकीही गळू लागली. वीज देणारे इंधनघट एकामागोमाग बंद पडले. जिम लव्हेल, जॅक स्वायगर्ट आणि फ्रेड हेझ यांनी चांद्रयानाचा आश्रय घेतला व १७ एप्रिलला ते प्रशांत महासागरात सुखरूप उतरले.

३/ त्याच दिवशी नासाने एडगर कॉर्टराइट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले. मंडळापुढची अडचण विलक्षण होती. ज्या भागात स्फोट झाला, तो भाग परतीच्या वाटेवर यानापासून अलग करण्यात आला होता. तपासायला टाकी नव्हती. हाती होते ते यानाने धाडलेले आकडे, अंतराळवीरांनी टिपलेली छायाचित्रे, जमिनीवर पुन्हा करून पाहता येतील अशा चाचण्या आणि टाकीच्या कागदोपत्री नोंदी.

४/ या नोंदी सहजासहजी निर्माण झालेल्या नव्हत्या. अमेरिकी हवाई दलाच्या मिनिटमन क्षेपणास्त्र प्रकल्पातून आलेले जनरल सॅम्युएल फिलिप्स यांनी १९६४ पासून अपोलोमध्ये ‘कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट’ची शिस्त रुजवली. महत्त्वाच्या प्रत्येक भागाला स्वतःची ओळख, मंजूर आराखडा व तपशील हवा आणि मंजुरीवाचून त्यात बदल करायचा नाही, हे तिचे सार.

५/ म्हणूनच मंडळाला टाकीचे अवघे चरित्र वाचता आले. कोलोरॅडोतील बोल्डर येथे बीच एअरक्राफ्ट कंपनीने ती घडवली. प्रथम ती अपोलो १० च्या यानात बसवली गेली. ऑक्टोबर १९६८ मध्ये सुधारणांसाठी ती काढताना एक बोल्ट तसाच राहिला आणि टाक्यांची फळी सुमारे पाच सेंटिमीटर उचलली जाऊन खाली आदळली. पुढे हीच टाकी अपोलो १३ ला मिळाली.

६/ मार्च १९७० मधील चाचणीनंतर ही टाकी नेहमीच्या पद्धतीने रिकामी होईना. आतली भरण-नळी त्या आदळण्याने ढिली झाली असावी, असा मंडळाचा कयास होता. मग टाकीतला तापक सुमारे आठ तास चालू ठेवून प्राणवायूची वाफ करण्यात आली. तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या (सुमारे २७ अंश सेल्सियस) वर जाऊ लागताच थर्मोस्टॅटचे खटके वीज तोडणार, यावर सर्वांचा विश्वास होता.

७/ तो विश्वास पाच वर्षांपूर्वीच पोकळ झाला होता. १९६२ च्या तपशिलानुसार तापकाला २८ व्होल्ट मिळणार होते. १९६५ मध्ये मुख्य कंत्राटदार नॉर्थ अमेरिकनने, जमिनीवरील वीजपुरवठ्याला अनुसरून, तो आकडा ६५ केला. थर्मोस्टॅटचे खटके मात्र जुन्याच व्होल्टेजचे राहिले. बीच, नॉर्थ अमेरिकन आणि नासा या तिघांच्याही तपासण्यांतून ही विसंगती निसटली.

८/ परिणाम भीषण झाला. ६५ व्होल्टवर उघडू पाहणारे खटके वितळून जागीच चिकटले. तापकाच्या नळीजवळ तापमान १००० अंश फॅरनहाइटपर्यंत चढले असावे आणि तारांवरचे टेफ्लॉनचे आवरण करपले. यानात, प्राणवायूने भरलेल्या टाकीत, त्याच उघड्या पडलेल्या तारांनी ठिणगी पेटवली. मार्चमधील चर्चेत भाग घेणाऱ्या अनेकांना तापक इतका वेळ चालू होता, हेच ठाऊक नव्हते.

९/ येथे बोध सूक्ष्म आहे. टाकी कोठे होती, कोणी काढली, कोठे बसवली, हे सारे लिहिलेले होते. त्यामुळे अवघ्या दोन महिन्यांत, १५ जून १९७० रोजी, मंडळाचा अहवाल सादर होऊ शकला. चुकले ते दोन नोंदींमधील नाते. एका ओळीतला आकडा बदलला. पण त्या आकड्यावर विसंबून असलेल्या खटक्यापर्यंत बदलाचा निरोप पोहोचला नाही.

१०/ १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संस्थेने संगणक-सेवांसाठी ‘आयटीआयएल’ ही मार्गदर्शक पुस्तकमाला सिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा ‘कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट’ हा शब्द संगणकांच्या दुनियेतही स्थिरावला. त्यातून आलेल्या सीएमडीबी या नोंदसंग्रहाचे वेगळेपण नेमके येथे आहे: वस्तूंच्या यादीबरोबर त्यांच्यातील संबंधही नोंदवायचे. हा सर्व्हर कोणत्या वीजपुरवठ्यावर चालतो? त्यावर कोणती प्रणाली विसंबून आहे?

११/ म्हणून रकाने ठरवण्याचे काम कारकुनी समजू नये. ‘ही वस्तू काय आहे’ हे सांगणारा रकाना हरवलेला लॅपटॉप शोधून देतो. ‘ही वस्तू कशावर अवलंबून आहे’ हे सांगणारा रकाना, उद्या एखादा भाग बदलायचा झाला तर आणखी काय काय तपासावे लागेल, ते आजच सांगून ठेवतो.

१२/ नासाने टाकीची रचना बदलली, आतील तारांना पोलादी आवरण दिले, प्राणवायूची तिसरी टाकी वाढवली. ३१ जानेवारी १९७१ रोजी अपोलो १४ निघाले आणि अपोलो १३ ला जेथे उतरायचे होते, त्याच फ्रा मौरो प्रदेशात त्याचे चांद्रयान उतरले.